मुऱ्हाळ्याची आरास

१२ ऑगस्ट १९५९

आज आईला पत्र खोटं वाचून दाखवलं.

दुपारी नबीलाल पोस्टमन पौडाहून चालत आला. छत्री गळत होती, पिशवी सदऱ्याच्या आत धरलेली. "घ्या कालिजवाले, पुण्याचं कार्ड." कॉलेज सोडून महिना झाला तरी हा मला कालिजवाले म्हणतो. सवयीनं म्हणतो की मुद्दाम, कळत नाही. कार्ड आक्काचं होतं. आई चुलीपासून हात पुसत उठली, उंबऱ्यावर येऊन बसली. "वाच की. काय म्हंती रत्ना?"

मी आधी मनात वाचलं. मग तोंडानं वाचलं ते असं — सगळे खुशाल आहेत, पाऊस फार आहे, यंदा गौरीला पाठवत नाहीत, वाट पाहू नये.

यातली खुशाली तेवढी खरी.

"न्हाईच पाठवत म्हंती?"

"नाही म्हणते."

आईनं कार्ड माझ्या हातातून घेतलं आणि मेढीच्या खांबावरच्या तारेला टोचून टाकलं. आलेलं प्रत्येक पत्र त्या तारेला जातं. फाडायला हवं होतं. आता ते येता-जाता डोक्याला लागतंय.

१३ ऑगस्ट

खरं काय होतं ते इथं तरी लिहावं. पाठच झालंय.

'मला सहावा लागला. पहिलं बाळंतपण तुझ्या हाताखाली व्हावं असं फार वाटतं. सासूबाई पाठवायला तयार आहेत. गौरीला मुऱ्हाळी न्यायला येऊ दे, आल्या पावली पाठवते म्हणतात. दुसऱ्या कुणाला धाडू नये, वाल्मीकनंच यावं, आणि ह्यांच्या पाया पडावं. झालं ते संपलं. काय झालं ते त्यानं सांगितलं असेलच. ह्यांच्या मनात काही नाही. जयाचं ठरलं, मार्गशीर्षात आहे. तेवढं वाल्मीकला पाठव.'

काय झालं ते त्यानं सांगितलं असेलच! आक्का, तू तुझ्या भावाला अजून ओळखत नाहीस.

१४ ऑगस्ट

दिवसभर पाऊस. भाताच्या खाचरात कोंडिबातात्यांबरोबर बांध घातला. चुलते असूनही कॉलेजबद्दल ते एक शब्द विचारत नाहीत. त्याचाच जास्त त्रास होतो.

आईला मी जुलैत सांगितलं होतं — दाजी आक्काला घालूनपाडून बोलले, मला ऐकवेना, मी हात उचलला. आई तेव्हापासून हैबतरावांना शिव्या घालते आणि लेकीसाठी रडते. पीठ मळताना रडते, गाईची धार काढताना रडते. जी लेक तिकडं सुखात आहे तिच्यासाठी.

झालं ते असं. दोन वर्षं मी आक्काच्या घरी राहून शिकलो. तिच्या हातचं खाल्लं. दाजींची धाकटी बहीण जया, तिच्या वहीत मी चिठ्ठी ठेवली. ती दाजींना सापडली. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. चष्मा पुसत म्हणाले, "वाल्मीक, शिक्षण अर्धं, हाताला काम नाही. जयाला नेऊन बसवशील कुठं? तुमच्या घरात माणूस आणि बैल एका छपराखाली बसतात." आक्का दारात उभी होती. आमचं ते घर तिचंही आहे, आणि ती काही बोलली नाही.

मी दाजींच्या मुस्काटात मारली. चष्मा मोरीपर्यंत गेला. जयानं तो उचलला.

माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही तिनं.

१५ ऑगस्ट

शाळेवर झेंडा. गेलो नाही.

मुऱ्हाळी म्हणून जायचं म्हणजे तिथं जायचं. त्या घरात, जयाच्या समोर, त्या माणसाच्या पायावर डोकं ठेवायचं. आणि तिच्या हातात कदाचित मार्गशीर्षातल्या लग्नाचं शिवण असेल. नाही. मेलो तरी नाही.

१६ ऑगस्ट

एक सुचलं. घर सजवायचं. असं सजवायचं की आल्या माणसाचं पाऊल उंबऱ्यात थांबावं. गौरीला आमच्याकडं काय असतं? तेरड्याची गौर, पितळी तांब्या, एक समई. यंदा पुण्यातल्या घरांसारखी आरास करीन. कोण जाणे, दाजी स्वतःच आक्काला घेऊन येतील. सोबत अजून कोणी येईल. येऊन बघतील बैल कुठं बसतात ते!

आईला म्हटलं, "यंदा घर मी करतो गौरीसाठी." ती म्हणाली, "लेक न्हाई आन् आरास कुनाला?" मी म्हटलं, "गौरीला." तिनं डोळे पुसले. "कर बाबा."

१७ ऑगस्ट

लवळ्याच्या बाजूच्या टेकडीखालून पांढरी माती आणली, दोन पाट्या. चुना पावसात वाळत नाही, भिंतीला घाम येतो, असं तात्या म्हणाले. पांढरी माती बरी. घसरून एकदा पडलो. गुडघा फुटला.

मी नसताना नबीलाल येऊन गेला म्हणे. पत्र नव्हतं, पाणी पिऊन गेला.

१८ ऑगस्ट

समोरची भिंत पांढरी केली, खाली गेरूचा पट्टा. दिवसभरात आई रडली नाही! हैबतरावांचं नावही काढलं नाही. एकदा येऊन भिंतीला हात लावून गेली. आरासीनंच तिचं मन रमलं असणार. महिन्यात पहिल्यांदा पोटभर जेवलो.

२१ ऑगस्ट

पौडाच्या बाजारातून निळा घोटीव कागद आणला. लाल घ्यायला गेलो होतो. गौरीला लाल शोभतो. हात निळ्याकडं गेला. जयाची शाळेची रिबन निळी होती.

म्हणजे आरास कुणासाठी चाललीय, वाल्मीकराव?

२२ ऑगस्ट

तांदळाची खळ करून कागद चिकटवला. देव्हाऱ्याच्या मागची भिंत सगळी निळी. कोनाड्यांवरूनही सरळ कागद ओढला, नाहीतर भिंत खडबडीत दिसते. हात कोपरापर्यंत निळे झाले, पाण्यानं जात नाहीत. भाकरीलाही निळी बोटं लागली. आई म्हणाली, "खा. इख न्हवं ते."

२५ ऑगस्ट

आज मोठं काम. गोठा आणि माजघर यांच्यामध्ये कमरेएवढी भिंत आहे, तिच्यावरून बैल तोंड काढतो, गाय चाटते. लहानपणी आक्का नि मी तिथंच घोंगडी टाकून झोपायचो. तीच दाजींना टोचली. तिच्यावर आढ्यापर्यंत बांबूचा तट्ट्या बांधला, दोन्ही बाजूंनी शेणमातीनं लिंपला. कोंडिबातात्या हाताखाली होते.

"बैलाला पडदा केलास," तात्या म्हणाले. "आता त्याला चष्मा घेऊन दे, म्हंजी पुन्याचा व्हईल."

माझ्या हातातला सुंभ सुटला. त्यांना काही माहीत नाही. सहज बोलले. नसेल माहीत.

आई म्हणाली, "पावसाळ्यात घराला ढोराची ऊब आस्ती रं. बंद करू नगंस." मी म्हटलं, "आई, ऊब नाही, वास असतो." ती उठून चुलीकडं गेली. असं बोलायला नको होतं.

मेढीवरची तार तट्ट्याच्या आड येत होती. म्हटलं, दुसरीकडं लावू. आई एकदम म्हणाली, "तार ऱ्हाऊ दे." म्हणून तट्ट्या तेवढ्या जागी कापून बसवला. आता पांढऱ्या लिंपणावर ते कार्ड आणखीच दिसतं.

२८ ऑगस्ट

आईचं जुनं इरकली लुगडं कापून दाराला पडदा केला. विचारून कापलं. "घे," म्हणाली, "रत्नाच्या बाळाच्या दुपट्याला ठेवलं व्हतं. ऱ्हाऊ दे आता, घे."

कात्री चालवल्यावर लक्षात आलं. बाळ! आईला बाळाचं कसं माहीत? मग वाटलं, लग्नाला दोन वर्षं झाली, कुठल्याही आईनं दुपट्याला लुगडं ठेवलंच असतं. चोराच्या मनात चांदणं.

३१ ऑगस्ट

शेजारच्या सगुणाबाई घर बघायला आल्या. कागदाला हात लावून बघतात, बोट निळं होतं, पदराला पुसतात. "वाल्मीक, लगीन हाय का गौर हाय?" मग आईला विचारलं, "रत्नाला आनाया मुऱ्हाळी कोन चाललाय? यंदा तर आनाया पायजेच."

आई सुपातून मान वर न करता म्हणाली, "आमचा मुऱ्हाळी आरास करतोय."

दोघी हसल्या. मीही हसलो. मग गोठ्यात जाऊन उभा राहिलो. बैलानं हात चाटला. माझ्या निळ्या हाताची त्याला काही फिकीर नाही.

२ सप्टेंबर

घरात ओल आली आहे. रात्री पांघरूण पुरत नाही. शेणमाती वाळतच नाही. गाय पलीकडून तट्ट्याला शिंगं घासते. आई घोंगडी चुलीजवळ ओढून घेते, पण माझ्या आरासीबद्दल बोलत नाही. फक्त विचारते, "झालं का रं तुजं?"

"होत आलं."

४ सप्टेंबर

आक्काला आता सातवा लागला असेल. एस. टी.च्या खड्ड्यांतून यायचं म्हणजे आत्ताच आणायला हवी, मग उशीर होईल. मग आणायचीच नाही. पहिलटकरीण, जवळ आई नाही. बरं-वाईट काही झालं तर ते कुणी केलं? हैबतरावांनी नाही.

हे लिहून अर्धा तास झाला. दौतीचं झाकण अजून उघडंच.

६ सप्टेंबर

आज गणपती. तो पाटलांकडं बसतो, आमच्याकडं फक्त गौर. आरतीला गेलो. सगळ्या घरांतल्या लेकी आल्यात. गौरीच्या दिवशी ओढ्यावरून गौर कोण कुणाच्या घरी आणणार, त्याची बोलणी चालली होती. ज्या घरी लेक नाही तिथं शेजारची पोर. सगुणाबाईंनी आईला विचारलं, "तुमच्यात आमची पोर धाडू का?"

आई म्हणाली, "परवापातुर थांब. सांगते."

कशासाठी थांबायचं? मी वाचून दाखवलंय ना, येत नाही म्हणून?

७ सप्टेंबर

आरास पुरी झाली. सोनकीची पिवळी फुलं निळ्या कागदावर लावली, आंब्याचे टहाळे, पाटलांकडून सणापुरता आरसा. पडदा सोडून दारात उभा राहिलो. खरोखर पुण्यातलं घर वाटत होतं. कुणीही यावं आणि बसावं असं. आणि आत आई एकटी शेपू निवडत बसलेली, अंगावर घोंगडी घेऊन. भादव्यात!

ती म्हणाली, "झालं का तुजं?"

"झालं."

"मग आता काय करायचं ऱ्हायलंय?"

मी तिच्यासमोर बसलो. आई, मी पत्र खोटं वाचलं, एवढं म्हणायचं होतं. निघालं दुसरंच. म्हटलं, "उद्या पुण्याला जाऊन बघतो. आणतो आक्काला. पाठवलं तर."

वाटलं, विचारेल — पाठवत नाहीत म्हणाला होतास ना? तिनं विचारलं नाही. उठून फडताळातून धुतलेला सदरा काढला आणि मला दिला. "हा घाल. आन् डोसक्यात राख घालून घेऊ नगंस."

८ सप्टेंबर, पुणे

एस. टी.तून उतरून आक्काच्या दारापर्यंत आलो, तेव्हा तीन वेळा मागं फिरलो.

दार आक्कानं उघडलं. केवढी दिसते! तोंडावर काळपट झाक, डोळे तसेच. म्हणाली, "आलास व्हय?" एवढंच. दाराआड गाठोडं होतं. बांधलेलं. त्याच्या गाठीवर धूळ होती.

दाजी खाटेवर पेपर वाचत होते. चष्म्याच्या काडीला काळा दोरा गुंडाळलेला. सासूबाई चौकटीत. जया मागं, हातात शिवण, जसं मला दिसत होतं अगदी तसं. मी गेलो आणि वाकलो. कपाळ पायाला लागलं तेव्हा वाटलं, जमीन फाटेल. फाटली नाही. दाजींच्या पायाला खडकीच्या कारखान्यातल्या तेलाचा वास होता. दोन वर्षं माझी फी याच पायांनी जाऊन भरली होती.

"ऊठ रे," ते म्हणाले. "चष्म्याचं म्हणशील तर दोऱ्यानं बरा झाला. आधी नाकावरून घसरायचा."

सासूबाई म्हणाल्या, "नागपंचमी झाल्यापासून पोर गाठोडं बांधून बसली. रोज एस. टी.च्या वेळेला खिडकीत. तुझ्या पायाला काय मेंदी लागली होती?"

मी म्हटलं, "घर सारवत होतो."

दाजी हसले. चेष्टेचं नाही, साधंच हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "मी त्या दिवशी तुमच्या घराबद्दल बोललो ते चुकलं. रत्ना आठ दिवस माझ्याशी बोलली नाही."

म्हणजे ती बोलली होती. माझ्यासमोर नाही, एवढंच.

जया पाणी घेऊन आली. माझे हात बघून म्हणाली, "हे काय लागलंय?"

"रंग."

"मग धुवा ना," ती म्हणाली, आणि मोरीकडं बोट केलं. चांगुलपणानंच म्हणाली. मी खूप वेळ हात धूत बसलो. निळं गेलं नाही. पण उठलो तेव्हा काहीतरी हलकं झालं होतं, किंवा रिकामं.

९ सप्टेंबर

सकाळच्या गाडीनं आक्काला आणलं. दर खड्ड्याला ती माझा दंड धरत होती. "आईला काय सांगितलंस?" तिनं विचारलं. मी सगळं सांगितलं, पत्राचंसुद्धा. पिरंगुट मागं पडलं तरी ती खिडकीबाहेरच बघत होती. फाट्यावर उतरताना म्हणाली, "तोंडानं सांग तिला. मी सांगणार न्हाई."

आई ओढ्यापाशीच उभी होती. सगुणाबाईंच्या पोरीच्या हातातला तेरडा घेऊन तिनं आक्काच्या हातात दिला. म्हणजे आमची गौर आमच्याच लेकीनं आणली. सातव्या महिन्यातली गौर! दारापासून आईनं पिठाची पावलं काढली होती. आक्का एकेक पाऊल ठेवत आली, आणि माझा पडदा तिच्या डोक्यात अडकला. तिनं तो बाजूला केला, आत बघितलं. निळा कागद, आरसा, फुलं. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो.

"छान केलंस," ती म्हणाली. मग म्हणाली, "आई, हितं एवढं गार का गं?"

आणि थोड्या वेळानं, भिंतीवरून हात फिरवत, "माझा कोनाडा कुटं गेला?"

तिच्या बांगड्या, गजगे, मोडकी फणी — तिचा कोनाडा मी कागदाखाली बुजवला होता. महिनाभर घर तिच्यासाठी करत होतो म्हणे!

बोटानं कागद फाडला. आत सगळं होतं तसं होतं. बांगड्यांवर थोडी खळ ओघळली होती.

संध्याकाळी भाजी-भाकरीचा नैवेद्य झाला. आक्का जेवताना कुडकुडत होती. मी कोयता घेतला आणि तट्ट्याचे बंद कापायला सुरुवात केली. कोंडिबातात्या दारातून म्हणाले, "आरं, सनासुदीचं काय पाडतोस?" आई म्हणाली, "पाडू द्या. त्यालाच पाडू द्या." तट्ट्या खाली आला तशी गाईनं भिंतीवरून मान आत घातली, मोठा श्वास सोडला. गरम, गवताचा. आक्कानं तिचं घोंगडं तिथंच ओढलं, जिथं आम्ही झोपायचो.

आईला अजून सांगितलेलं नाही. उद्या पुरणाचा नैवेद्य झाला की सांगायचं. नक्की.

१० सप्टेंबर

तट्ट्याचा उरलेला तुकडा मेढीवरून काढताना तार खाली आली. आक्काचं कार्ड हातात घेतलं.

कार्डाला दोन भोकं आहेत.

एक माझ्यासमोर पडलं. दुसरं, कार्ड काढून पुन्हा टोचल्याशिवाय पडत नाही. आईला वाचता येत नाही, नबीलालला येतं. मागं जाऊन या वहीत १७ ऑगस्टचं पान काढलं. माझ्याच अक्षरात आहे — 'मी नसताना नबीलाल येऊन गेला म्हणे. पत्र नव्हतं, पाणी पिऊन गेला.'

चोवीस दिवस. आई आत पुरण वाटते आहे. मी उठतो.